चौघं गेले, तिघं आले

शनिवारी रात्री साडेनऊला मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो. साताऱ्यात, पोवई नाक्यापासून थोडं आत, माझं औषधाचं दुकान आहे. मागे माल ठेवायची खोली आहे. तिथल्या टेबलावरची सलाइनची खोकी खाली उतरवली की चार खुर्च्या बसतात, स्टूल माझं. दहाच्या सुमारास मंडळी जमतात. पुण्याहून दोन दिवसांपुरता आलेला माझा मुलगा, त्याचा शाळेतला मित्र (हा सहकारी बँकेत कॅशियर), वकिली शिकणारी माझी पुतणी, आणि औषध कंपनीचा एक एमआर. तो पूर्वी फक्त ऑर्डर घ्यायला यायचा, आता वीस बाजूंचा फासा खिशात घालून येतो.

आम्ही जे खेळतो त्याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. पोरं नुसतं 'डी अँड डी' म्हणतात, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. पट लागतोच असं नाही, सोंगट्याही असल्या तर असल्या. प्रत्येकजण एक पात्र घेतो, कोणी तलवारबाज, कोणी मांत्रिक, कोणी भाट, आणि त्या पात्राच्या वतीनं बोलतो, ठरवतो, चुकतो. उरलेलं सगळं जग एकटा माणूस चालवतो. पाऊस तो पाडतो, दारं तो उघडतो, राक्षस तो सोडतो. तो डंजन मास्टर, थोडक्यात डीएम. २०२० च्या टाळेबंदीत मुलगा घरी अडकला आणि त्यानं मला हा खेळ शिकवला. पुढे डीएमपणही माझ्याच गळ्यात घातलं. बायकोनं हे ऐकलं तेव्हा म्हणाली, "अहो, कलेक्टर झालात आणि घरी सांगितलं नाहीत?"

राक्षस सोडणं सोपं आहे. पुस्तकात त्यांची चित्रं असतात, आकडे असतात. अवघड काम माणसांचं. वाटेत भेटणारा धर्मशाळेचा मालक, नाक्यावरचा शिपाई, राजाचा कारभारी, रडणारं पोर, या सगळ्यांना खेळाडू नसतो. म्हणून त्यांना नॉन-प्लेअर कॅरेक्टर म्हणतात, एनपीसी. त्यांच्या तोंडून डीएमनंच बोलायचं. एका रात्रीत दहा-बारा तरी भेटतात, आणि त्यातलं एखादं जरी जिवंत झालं तर ती रात्र लक्षात राहते.

माझा पहिला एनपीसी मेलेलाच जन्माला आला. थॅलॅरियन नावाचा वृद्ध ज्ञानी. त्याच्यासाठी मी दुकानाच्या जुन्या बिलबुकाच्या पाठीवर सहा पानं लिहिली होती: बालपण, गुरू, गुरूचा खून, पश्चात्ताप. खेळाडूंनी त्याला पहिल्या पाच मिनिटांत 'थाळीवाला' केलं, रस्ता विचारला आणि निघून गेले. सहा पानांतलं एक अक्षर कोणाच्या कानावर पडलं नाही. मी आठवडाभर फुगून बसलो होतो. मग एक दिवस काउंटरवर उभा असताना लक्षात आलं की तीस वर्षांत या काउंटरपलीकडून मला कोणी विचारलेलं नाही, "काका, तुमच्या आयुष्यात दुःख काय?" क्रोसिन मागतात, सुटे नाहीत म्हणतात आणि जातात. साताऱ्यातल्या हजारो लोकांच्या गोष्टीत मीच एक एनपीसी आहे. आणि तरी त्यातल्या कित्येकांना मी आठवतो. सहा पानांमुळे खचितच नाही.

या धंद्यात एक गोष्ट शिकायला मिळते. गिऱ्हाईक येतं, मोठ्या आवाजात तीन वस्तू मागतं. खोकल्याचं औषध, बँडेज, लहान मुलाची पावडर. मग इकडे-तिकडे बघतं, शेजारचा माणूस गेला का ते पाहतं, आणि आवाज खाली आणून चौथी वस्तू मागतं. तो खरा त्याच चौथ्या वस्तूसाठी आलेला असतो. एनपीसी करताना मी आता तेवढंच शोधतो. पहिल्या तीन वस्तू म्हणजे त्याचा धंदा, त्याचं रूप, त्याची बोलण्याची लकब; त्या कोणालाही दिसतात. चौथी त्याला आत्ता, या घडीला काय हवंय ती, आणि ती तो आपणहून सांगणार नाही.

हे काही मी शोधलेलं नाही. या खेळाचं मूळच तिथे आहे. साठीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली नावाचा युद्धखेळांचा शौकीन होता. नेपोलियनच्या काळातली लढाई मांडायची म्हणून त्यानं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव घेतलं, आणि फक्त सेनापती न नेमता काहींना गावातली माणसं वाटून दिली. एक नगराध्यक्ष, एक बँकवाला, एक विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचे हेतू वेगळे. लढाई राहिली बाजूला, मंडळी कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कारस्थानं करत बसली. वेझलीला वाटलं, खेळ फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा मांड म्हणून धोशा लावला. त्या मंडळातल्या डेव्ह आर्नेसननं ती कल्पना उचलून ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं जग उभं केलं, आणि गॅरी गायगॅक्सबरोबर त्याचं डंजन्स अँड ड्रॅगन्स झालं. १९७४ साली तीन पुस्तिकांचा पहिला संच निघाला, प्रती १०००, किंमत १० डॉलर.

त्या पहिल्या पुस्तिकांत एनपीसीचं मन फाशावर होतं. समोरच्याला चाकरीला ठेवायचं असेल तर सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज २ आली तर तो अंगावर येतो, १२ आली तर आनंदानं तुमचा होतो, आणि ६ ते ८ म्हणजे त्याचं अजून ठरलेलं नाही. हिशेब केलात तर दिसेल की ३६ पैकी १६ वेळा हे मधलंच दान पडतं. मला हा तक्ता फार आवडतो. काउंटरवरचा माझाही अनुभव तोच आहे. शत्रू कमी, मित्र कमी, बाकी सगळे अनिश्चित.

पण हे दान 'कसं वागेल' एवढंच सांगतं, 'का' ते सांगत नाही. तो प्रश्न ट्रेसी हिकमन या लेखकाला पडला, तोही खेळता खेळता. तळघरातल्या एका खोलीचं दार उघडलं तर आत एक व्हँपायर उभा. बाकी प्राण्यांसारखाच, मारायला ठेवलेला. हिकमनला वाटलं, हा इथे काय करतोय? ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोनं त्या प्रश्नातून 'रेव्हनलॉफ्ट' लिहिलं. ते १९८३ साली आलं, आणि त्यातला स्ट्राड हा व्हँपायर खलनायक आजही टेबलांवर फिरतोय. विशेष म्हणजे स्ट्राडला नेमकं काय हवंय हे त्या पुस्तकात पत्ते काढून ठरतं, म्हणजे दर वेळी त्याची चौथी वस्तू बदलू शकते.

आताच्या नियमपुस्तकांत एनपीसीसाठी मुद्दे दिलेले असतात. २०१४ च्या आवृत्तीत धंदा, रूप, अंगचे गुण, लकब, त्याला काय माहीत आहे, कशावर जीव आहे, दोष किंवा गुपित कोणतं, अशी भली मोठी यादी आहे, आणि सुचत नसेल तर फासा टाकून ठरवायला तक्तेही आहेत. नवशिक्यानं ते जरूर वापरावेत. मी सगळे मुद्दे भरायला बसलो की मला पुन्हा थॅलॅरियन दिसायला लागतो, म्हणून मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा पत्त्याएवढा कापतो आणि त्यावर मावेल तेवढंच लिहितो.

अशा एका पुठ्ठ्यावर हौसा आहे.

मला नदीच्या उतारावर एक नावाडी हवा होता. खेळाडू चार माणसांच्या मागावर होते. ती माणसं नदीपलीकडच्या पडक्या देवळात काहीतरी उकरायला गेली होती. नावाडी म्हटलं की डोळ्यांपुढे दाढीवाला, गूढ बोलणारा म्हातारा येतो. पहिलं सुचतं ते मी खोडतो, कारण खेळाडूंनाही पहिलं तेच सुचलेलं असतं. म्हणून बाई घेतली, साठीची, ठेंगणी. नाव हौसा. नावाच्या बाबतीत माझा एकच नियम आहे, मोठ्यानं हाक मारून बघायची. नदीच्या या काठावरून त्या काठावर ऐकू जाईल असं नाव असलं की ते खेळाडूंच्या तोंडातही बसतं.

मग लकब. बहुतेक डीएम इथे डोळ्यावर पट्टी, लंगडा पाय, तोतरेपणा असलं काहीतरी चिकटवतात. ते एकदा दिसतं आणि संपतं. लकब धंद्यातून आली तर पुनःपुन्हा कामाला येते. चाळीस वर्षं नाव चालवणारी बाई माणसात काय बघेल? वजन. नाव किती बसेल हा तिचा जन्माचा हिशेब. म्हणून हौसा कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, पायांपासून खांद्यापर्यंत एकदा नजर फिरवते आणि सांगते, "पावणेदोन मण. मधे बैस."

तिला काय हवंय? माझ्या पहिल्या खर्ड्यात तिचा नवरा बुडालेला होता आणि तिला त्याची अंगठी हवी होती. तो मी फाडला. बुडालेले नवरे आणि अंगठ्या फार झाल्या. नावेच्या तळाला फट पडली आहे, पावसाळा तोंडावर आहे आणि डांबर मिळत नाही, एवढंच ठेवलं. तिला डांबर हवंय. हसू येईल इतकी साधी गरज, पण तिच्यापायी ती रात्री झोपत नाही.

तिला काय माहीत आहे? ती चार माणसं तिच्याच नावेतून गेली आणि परत आली. जाताना चौघं होते, येताना तिघं. तरी नाव पाण्यात तेवढीच बसली होती. ही तिची चौथी वस्तू. गप्प राहायचे पैसे तिनं घेतलेत, त्यामुळे ती हे सांगणार नाही.

पुठ्ठा संपला. मागच्या बाजूला एक आकडा लिहिला. पुस्तकाप्रमाणे सामान्य माणसाचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, ४. खेळाडूंतल्या तलवारबाजाचा एक बरा वार तिला पुरे. हा आकडा डीएमनं विसरू नये. टेबलावरच्या चौघांकडे शस्त्रं आहेत आणि हौसाकडे वल्हं. ती त्यांना घाबरत नाही, कारण तिला मारलं तर नाव कोण चालवणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

आवाजाबद्दल सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं एनपीसी म्हणजे नकला. अमेरिकेत 'क्रिटिकल रोल' नावाचा कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे, त्यातले मूळ खेळाडू सगळे व्यवसायानं आवाज देणारे कलाकार आहेत. त्यांचा पहिला डीएम मॅथ्यू मर्सर एका दमात तीन माणसांची तीन बोलणी काढतो. ते ऐकून अनेक डीएम खचतात. मला एकच आवाज येतो, औषध कसं घ्यायचं ते सांगण्याचा. सुरुवातीला मी बोलीची युक्ती केली होती. राजे पुस्तकी बोलायचे आणि चोर-शिपाई गावाकडचं. एमआरनं पहिल्याच रात्री टोकलं, "काका, माझी आजी अश्शीच बोलते, आणि तिनं कोणाचं पाकीट मारलेलं नाही." मला लाज वाटली. आपल्या जुन्या सिनेमांनी लावलेली ही सवय आहे आणि ती टेबलावर तरी मोडलेली बरी.

त्यापेक्षा मराठीत एक हत्यार आपल्याला फुकट मिळालंय. तू, तुम्ही, आपण. इंग्रजीत खेळणाऱ्या डीएमकडे ते नाही. कारभारी सगळ्यांना 'आपण' म्हणत असतो आणि एका वाक्याला अचानक 'तू'वर येतो, तेव्हा आवाज न चढवताही टेबल सावध होतं. हौसा राजपुत्रालाही अरे-तुरे करते. आदरानं ती बोलते फक्त नदीबद्दल. "बाई आज रागात आहेत," असं म्हणते. आमच्याकडे कृष्णेला कृष्णाबाई म्हणतात, वाईला तिचा उत्सवही होतो, त्यामुळे हे वाक्य मला लिहावं लागलं नाही.

तर हौसा पहिल्यांदा टेबलावर आली त्या शनिवारी काय झालं. संध्याकाळ, नदीचा उतार, हौसा करवंटीनं नावेतलं पाणी उपसतेय. एमआरचा भाट पुढे झाला आणि तिच्या डोळ्यांची तारीफ करू लागला. मी स्टुलावरून त्याला पायापासून वर न्याहाळलं आणि म्हटलं, "दोन मणाला थोडा जास्त. बोलणं कमी कर, नाव हलकी होईल." सगळे हसले. तिथून पुढे हौसाला मला ढकलावं लागलं नाही.

पुतणीनं विचारलं, कोण गेलं पलीकडे? हे हौसा फुकट सांगते: चौघं गेले. इथे मी फासा टाकायला सांगितलं नाही. जे माणूस सहज सांगेल त्यासाठी फासा टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाला क्रोसिनसाठी प्रिस्क्रिप्शन मागणं. पुढचं मात्र ती गिळून बसली. भाटानं गोड बोलून काढायचा प्रयत्न केला. नियमाप्रमाणे मध्यम अवघड कामाला १५ लागतात, त्याचे सगळे मिळून ११ झाले. कॅशियरनं रोख रक्कम पुढे केली, दहा मोहरा, मग वीस. हौसा म्हणाली, "पैशानं फट बुजत नाही." कॅशियरला वाटलं, म्हातारी भाव वाढवतेय. तो तीसवर गेला.

अर्धा तास ही माणसं तिच्यापुढे पैसे वाढवत राहिली आणि मी दर दोन वाक्यांनंतर करवंटीनं पाणी उपसत राहिलो. फार मजा आली. शेवटी माझा मुलगा म्हणाला, "बाबा, ही सारखं पाणी का काढतेय?" मी म्हटलं, "तिला विचार." त्यानं विचारलं. मग कुठे डांबराची गोष्ट निघाली. त्यांनी मैलभर मागे जाऊन गाडीवानाकडून डांबराचं पिंप मिळवलं. त्यात एक चाक मोडलं, एक गाढव पळालं, तो वेगळा विषय आहे. नाव उलटी घालून फट बुजवली. आणि मग हौसानं, कोणाकडे न बघता, चौथी वस्तू दिली. चौघं गेले, तिघं आले, नाव तेवढीच बसली.

माझ्या कागदावर याचं उत्तर साधं होतं. चौथा तिकडे मेला, आणि तिघांनी कपड्यांखाली सोनं लपवून आणलं. पुतणी मात्र दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, "तो आला होता. दिसत नव्हता."

या खेळात अदृश्य व्हायचा मंत्र आहे, दुसऱ्या पातळीचा, तासभर टिकतो. नदी ओलांडायला तासाचा पावही लागत नाही. कॅशियर म्हणाला, "म्हणजे तो आपल्याच काठावर आहे." खोलीत सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मागे खोकी होती.

मी सोनं खोडलं. माझ्या उत्तरापेक्षा तिचं उत्तर चांगलं होतं आणि ते हौसाच्या तोंडून आलेल्या शब्दांतूनच निघालं होतं, मग हट्ट कशाला? कोकणातल्या दशावतारात नटांच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठरलेलं असतं, बोलणं रंगमंचावर समोरच्याच्या बोलण्यातून सुचतं. डीएमचं तसंच आहे. फक्त इथे समोरचा आख्यानही बदलू शकतो.

एक सावधगिरी मात्र हवी. अशी मोलाची माहिती एकाच माणसाच्या पोटात ठेवू नये. खेळाडू हौसाशी न बोलता पोहून गेले असते तर? जस्टिन अलेक्झांडर या लेखकाचा सल्ला आहे की खेळाडूंना जे कळायलाच हवं त्यासाठी तीन खुणा ठेवाव्यात. दोन तर ते हुकवतातच. मी चिखलात तिघांचेच, पण खोल रुतलेले परतीचे ठसेही ठेवायला हवे होते. ठेवले नव्हते, नशिबानं निभावलं.

आणि दोष असलेली माणसं गोष्ट पुढे नेतात हे विसरू नये. १९५४ साली आलेल्या टोल्किनच्या 'द फेलोशिप ऑफ द रिंग'मध्ये ब्री गावातला खाणावळवाला बटरबर आठवा. भला माणूस, कामाच्या रगाड्यात मांत्रिक गँडाल्फची चिठ्ठी पाठवायची विसरतो. त्या विसराळूपणापायी कथेचा नायक फ्रोडो वेळेवर निघत नाही आणि पाठलाग त्याच्या अंगाशी येतो. लेखकानं त्याला सहा पानांचं बालपण दिलेलं नाही. विसरलेली एक चिठ्ठी दिली.

हौसाला आता नऊ महिने झाले. तिच्या पुठ्ठ्यावर चहाचा डाग आहे, मागे खेळाडूंनी सांगितलेल्या गोष्टी बारीक अक्षरात वाढल्यात: तिला गाढवं आवडत नाहीत, कॅशियरला ती 'तीस मोहरा' म्हणते. तो अदृश्य माणूस अजून सापडलेला नाही.

गेल्या महिन्यात कॅशियरची बदली कऱ्हाडला झाली. तो दर शनिवारी येऊ शकत नाही, तेव्हा एक खुर्ची रिकामी आहे. साताऱ्यात असाल आणि शिकायची इच्छा असेल तर साडेनऊच्या आत दुकानावर या. फासे आमच्याकडे जास्तीचे आहेत. पेन्सिल तेवढी घेऊन या.